भट्टी विझवलेला दिवस

जीपमध्ये माझी जागा ठरलेली असायची. पुढं ड्रायव्हर आणि आमच्या समितीचे अध्यक्ष, मधल्या बाकावर साहेब लोक, आणि मागच्या आडव्या बाकावर मी. माझ्या शेजारी शालींची पिशवी. दर भेटीला एक शाल आणि एक नारळ मिळायचा, आणि सगळ्यांचे नारळ माझ्याच पायाशी टाकलेले असायचे. संध्याकाळी कोल्हापूर जवळ येईपर्यंत ते वळणावळणाला गडगडत माझ्या घोट्यांवर आपटायचे. घरी शालींचा ढीग झाला होता. सासूबाई म्हणायच्या, एवढ्या शालीत तर सगळ्या गल्लीचा हिवाळा निघेल.

बायकांना राखीव जागा सुरू झाल्या त्या दिवसांतली ही गोष्ट. आमच्या भागातली जागा बाईला सुटली. आमचे मालक उभं राहायची तयारी करून बसले होते, ते राहिलं, आणि माझा फॉर्म भरला गेला. मी चौथीपर्यंत शिकलेली. माहेरच्या गावात चौथीपर्यंतच शाळा होती, पुढची शाळा नदीपलीकडं. मला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. दारात कुणी पुरुषमाणूस आलं की मी आतूनच "घरात न्हाईत" एवढं म्हणायची. अशी मी निवडून आले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन बसले.

सदस्यांना समित्या वाटून देतात. पाण्याची, रस्त्याची, शाळांची समिती सगळ्यांना हवी होती. एक समिती कुणालाच नको होती. गावोगावचे गट, सोसायट्या, एकटीदुकटी माणसं आपापल्या भागात काही उद्योग काढायचा म्हणून सरकारकडं मदत मागायची. ती मदत कुणाला द्यायची, कुणाला थांबवायचं आणि कुणाला नाही म्हणायचं, हे ह्या समितीनं जागेवर जाऊन बघून ठरवायचं. ह्याला मूल्यमापन म्हणतात. हा शब्द न अडखळता म्हणायला मला बरेच दिवस लागले. दहा जणांना नाही म्हटल्यावर एकाला हो म्हणता येतं, आणि त्या दहा जणांची मतं पुढच्या निवडणुकीत जातात, म्हणून ही समिती नको असायची. तीत एक बाई घेणं भाग होतं. मला घेतलं.

पहिले काही महिने मालक सोबत यायचे. मग एकदा अध्यक्षच त्यांना म्हणाले, "दादा, तुमी कशाला हाडं खिळखिळी करून घेताय? वैनी येतील की." मालक समजले. तेव्हापासून ते घरी थांबायचे आणि मी परत आले की पहिला प्रश्न विचारायचे, "आज कुणाला चितपट केलंस?" खासबागेत कुस्त्या बघून आलेल्या माणसासारखं विचारायचे. मी म्हणायची, "पाय चेपा जरा, मग सांगते." ते चेपायचे नाहीत, पण तांब्याभर पाणी आणून द्यायचे.

काम दिसायला सोपं होतं. जायचं, बघायचं, निघायचं. पण त्यानं जीव दमायचा. प्रवासानं तेवढा नाही, जेवढा माणसांच्या नजरेनं. आम्ही निघायला लागलो की अर्ज केलेला माणूस एकेकाच्या तोंडाकडं बघायचा. पुरुषांनी तोंड कसं ठेवायचं ते शिकून घेतलं होतं. ना हो, ना नाही. मला ते येत नव्हतं, मग माणसं माझ्याच तोंडाकडं बघत राहायची. मी पदर सारखा करत खाली बघायची. शेवटी मी एक शब्द उचलला, जो सगळेच वापरायचे. "बघूया." ह्या शब्दावर मी किती गावं पार केली असतील.

पन्हाळ्याला एका माणसाला पर्यटकांसाठी राहायच्या खोल्या बांधायच्या होत्या. जागा नुसती मोकळी होती, करवंदीच्या जाळ्या आणि दोन शेळ्या. तरी तो आम्हाला त्या जाळ्यांतून फिरवत सांगत होता, "ही चार नंबरची खोली. हिथनं सूर्य मावळताना दिसतो. जरा वाकून या, हिथं दार हाय." अध्यक्ष खरंच वाकले. नंतर जीपमध्ये सगळे इतके हसले की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. मी पण हसले. त्या माणसाला मदत मिळाली नाही. वर्षभर तो कोल्हापूरला यायचा आणि आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात बसायचा, आणि मला बघून हात जोडायचा.

वारणानगरच्या बाजूला एका गावात एकानं जनावरांच्या खाद्याची मशीन टाकली होती आणि दुसरी टाकायला मदत मागत होता. आम्ही पोचलो तेव्हा मशीन जोरात फिरत होती. एवढा आवाज की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. मशीनवाला हातानंच खुणा करून दाखवत होता. आम्ही मान हलवून बाहेर आलो. जीपमध्ये बसल्यावर आमच्यातले एक साहेब, जे निवृत्तीला आले होते आणि ज्यांना सगळे जुने साहेब म्हणायचे, ते म्हणाले, "रिकामीच फिरवत होता गडी."

अध्यक्ष म्हणाले, "आमाला काय कळत न्हाय व्हय? पण फिरत होती का न्हाई?"

"फिरत होती."

"मग लिवा चालू."

आणि कागदावर चालू असं लिहिलं गेलं. त्यात अध्यक्षांना काही खायला मिळालं होतं असं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आपण जे बघितलं ते लिहायचं, मनात येईल ते लिहायला लागलो तर एकही काम पुरं होणार नाही. मला ते तेव्हा पटलं पण होतं.

मग आम्ही चंदगडला गेलो.

सकाळी निघालो ते गडहिंग्लजवरून जाता जाता दुपार झाली. तिकडचा मुलूख आमच्यासारखा नाही. ऊस मागं राहतो, झाडी लागते, तांबडी माती, आणि बोलण्यात थोडं बेळगाव, थोडा गोवा येतो. गाव डोंगराच्या कुशीत होतं. तिथल्या पंधरा बायकांचा एक गट काजूच्या बिया फोडून गर काढायचा. बी भट्टीवर मोठ्या कढईत भाजायची, लाकडी हातोडीनं फोडायची, आतला गर अख्खा काढायचा, त्याची साल सोलायची. आधी गावातली माणसं कच्ची बी व्यापाऱ्याला देऊन टाकायची. बायकांनी ठरवलं की आपणच फोडू. त्यांना एक शेड हवी होती, एवढंच. तिकडं पाऊस बसला की चार महिने उठत नाही, आणि बी ओली झाली की गेली.

गावाच्या तोंडाशी आंब्याच्या डहाळ्यांची कमान होती. रस्त्यावर सडा, रांगोळी. पंधराही बाया नव्या लुगड्यांत ओळीनं उभ्या. गटाची जी प्रमुख होती तिला सगळ्या काकी म्हणायच्या. माझ्यापेक्षा थोडी मोठी, उंच, बोलायला तुटक. तिनं आम्हाला ओवाळलं आणि कामाच्या जागी नेलं. एक गोठा होता. त्याला आतून बाहेरून चुना दिलेला. जमीन शेणानं सारवून त्यावर रांगोळीचे कणे काढलेले. भट्टी थंड, तिच्यात राखेचा कण नाही. कढई घासून घासून चकचकीत केली होती आणि भिंतीला टेकून उभी केली होती. हातोड्या धुऊन एका सुपात मांडलेल्या, वर हळदकुंकू.

अध्यक्षांनी इकडंतिकडं बघितलं. "काम कुठाय?"

काकी म्हणाली, "आज बंद ठिवलंय साहेब. तुमी येनार म्हटल्यावर." ती अशी बोलली की जणू तुमच्यासाठी बकरं कापलंय असं सांगते आहे. "धूर लई होतो. पावण्यांच्या डोळ्यात जातो."

"रोज चालतं काय पण?"

"रोज म्हंजे? रोजच की."

"आज तर बंदच दिसतंय."

सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांना वाटलं साहेब चेष्टा करतात. मग जेवणं झाली. ओल्या काजूची उसळ, भाकरी, भात, कोकमाची कढी. अध्यक्ष दोनदा उसळ मागून जेवले. आमच्यासमोर पानं मांडणाऱ्या हातांकडं माझं लक्ष गेलं. काजूच्या टरफलात एक तेल असतं, ते कातडीला लागलं की भाजतं आणि काळं पडतं. नव्या बांगड्यांच्या खाली त्यांची बोटं टोकापर्यंत काळी होती, काहींची साल निघालेली. ते काळं कितीही घासून जात नाही. कढईचं गेलं होतं.

हात धुवायला काकीनं मला घरामागं नेलं. पाणी ओतता ओतता म्हणाली, "मेंबरीणबाई, एक सांगू काय? गोठा दिराचा हाय. त्यानं दिवाळीपर्यंत वापरा म्हटलंय. पोराचं लगीन काढलंय, तिथं घर बांधनार."

मी विचारलं, "मग पुढं?"

"पुढं शेड. शेड झाली तर बसू. न्हाई झाली तर ह्या पांगतील. दोघी आत्ताच म्हनत्यात गोव्याला जातो, हाटेलात भांडी घासायला. एकदा गेल्या की येतात व्हय परत?" तिनं तांब्या खाली ठेवला. "तुमी बाईमानूस हाय म्हनून बोलले. साहेबास्नी बोलले न्हाई."

मी म्हटलं, "बघूया."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला तो शब्द माहीत असावा.

परत येताना अध्यक्ष म्हणाले, "मला सांगा, रोज धूर होतो म्हनतात आणि भिंतीला काळा डाग न्हाय. कढई कोरी करकरीत. कुठनं तरी आनून मांडलंय सगळं." ह्या आधी दोन ठिकाणी आम्हाला तसं फसवलेलं होतं. एका ठिकाणी तर शेजारच्या गावातली शिलाई मशिनं एका दिवसापुरती आणून ठेवली होती, त्यामुळं त्यांचा संशय काही वावगा नव्हता.

मी मागून म्हटलं, "बायकांचे हात बघितले का?"

जीपच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मी परत म्हटलं नाही. नारळ गडगडत होते.

घरी मालकांनी विचारलं, "आज कुणाला?"

मी म्हटलं, "आज पाहुणचारानं पाडलं." आणि सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग म्हणाले, "खुळ्या हायत काय बाया? गिरणी बघायला आलेल्या मानसाला कुणी गिरणी बंद करून दाखवतं?"

"तुमची बहीण आली की मी चूल पेटवून तिच्या तोंडासमोर धूर करते का? आधी सगळं आवरते. तुम्हीच म्हणता, आवर लवकर, पावणं आलं."

त्यांनी मान डोलावली. "ते खरं," म्हणाले. "पर समितीत हे तुला बोलता येतंय काय?"

तोच प्रश्न होता. बैठक आषाढात होती. मी सकाळपासून एकच वाक्य तोंडात घोळवत होते. भाकरी थापताना, एसटीत, जिना चढताना. परत एकदा जाऊन बघूया. एवढंच. जास्त काही बोलायला गेले तर अडखळेन, हे मला माहीत होतं.

लांब टेबल, वर हिरवं कापड, चहाचे कप. एकेक नाव वाचलं जायचं, अध्यक्ष बोलायचे, माना हलायच्या. खाद्याच्या मशीनवाल्याचं नाव आलं. चालू. पहिल्या यादीत गेलं. दोनतीन नावांनंतर काजूचं आलं. भेटीच्या वेळी बंद. अध्यक्ष म्हणाले, "हे नको. पुढचं घ्या."

मी म्हटलं, "परत एकदा जाऊन बघूया."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. वर्षभरात मी त्या खोलीत चहाला नको म्हणण्यापलीकडं काही बोलले नव्हते.

"काय म्हनला वैनी?"

"परत जाऊन बघूया. त्यांनी आपल्यासाठी काम बंद ठेवलं होतं. त्यांचे हात काळे आहेत."

"हात काय वैनी, आमच्या म्हातारीचं पन काळं हायत. ती काय काजू फोडती?" खोलीत हशा झाला. तो वाईट हशा नव्हता, तरी माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. अध्यक्षांनी ते बघितलं असावं. जरा मऊ आवाजात म्हणाले, "हे बघा. तुमचं खरं असंल. पर घर येगळं आनि उद्योग येगळा. आपन काम बघायला गेलतो. बंद होतं, बंद लिवलं. उद्या सगळेच म्हनतील, परत या. जीप कुठाय? दिवस कुठायत?"

मी खाली बघून तेच म्हटलं. "परत एकदा जाऊन बघूया."

तेव्हा जुने साहेब म्हणाले, "मला गडहिंग्लजला काम आहेच. वहिनी एसटीनं येत असतील तर मी तिथून पुढं जाऊन येतो. दोघांनी बघितलं की चालतं."

अध्यक्षांनी हात उडवले. "जावा बापडे. पर पहिली यादी आज बंद करतोय मी. काय आलं तर दुसरीत."

दुसरी यादी म्हणजे पहिलीतून पैसे उरले तर. हे सगळ्यांना माहीत होतं. मला पण.

आम्ही काही कळवलं नाही, सांगून गेलो तर परत भट्टी विझेल म्हणून. एसटी खिडक्यांतून गळत होती. जुने साहेब छत्री गुडघ्यांत धरून बसले होते. गडहिंग्लज सोडल्यावर ते अचानक म्हणाले, "वहिनी, मी आजवर इतकी कामं बघून शेरे लिहिले. त्यातली निम्मी नंतर परत बघायलाच गेलो नाही. उभी आहेत की पडली, मला ठाऊक नाही." थोड्या वेळानं त्यांना झोप लागली आणि त्यांची मान प्रत्येक खड्ड्याला माझ्या बाजूला कलायची. मी खिडकीकडं अंग चोरून बसले.

फाट्यावर उतरून चिखलातून चालत गेलो. लांबूनच गोठ्यातून धूर दिसला. काजूचा धूर साधा नसतो, घशाला धरतो. जुने साहेब खोकायला लागले आणि खोकता खोकता हसले. "चालू आहे," म्हणाले.

आम्ही दारात उभे राहिलो. आत काही दिसेना, नुसते हातोड्यांचे आवाज, टक टक टक. चुना दिलेल्या भिंती पुन्हा काळ्या झाल्या होत्या. बाया जुन्या लुगड्यांत, डोक्याला फडकी बांधून ओळीनं बसलेल्या. एकीनं वर बघितलं. "अगे बाय, पावनी," म्हणाली, आणि सगळ्या उठल्या. हातोड्या थांबल्या. एक जण चहाचं आधण ठेवायला पळाली. दुसरीनं घागर उचलली आणि भट्टीकडं वळली.

"विझवू नका हो बाई," जुने साहेब खोकत ओरडले. "कशाला विझवताय?"

"धूर हाय न्हवं साहेब. बसा जरा. आत्ता आवरतो सगळं."

"आम्ही धूरच बघायला आलोय."

त्यांना हे काही समजेना. पाहुणा धूर बघायला येतो, असं कुणी ऐकलेलं नव्हतं. घागरीतून पाणी निथळायला लागलं होतं. काकी पुढं आली, तिच्या तोंडावर राग दिसत होता, आपल्याला अशा अवतारात गाठलं म्हणून. "सांगून तरी यायचं मेंबरीणबाई. लाज काडली आमची."

मी काय केलं ते मी ठरवून केलं नव्हतं. पदर खोचला आणि जी चहाला उठली होती तिच्या पाटावर जाऊन बसले. तिची हातोडी घेतली. समोर भाजलेल्या बियांचा ढीग होता. मी एक बी दगडावर धरली आणि मारली. गराचे दोन तुकडे झाले. दुसरी मारली, तिचे तीन.

कुणीतरी म्हणालं, "अगे, तिच्या हाताला राख तरी लावा. भाजून घील."

एकीनं माझ्या बोटांना राख चोळली. मग काकी माझ्याशेजारी बसली, बी कशी धरायची ते दाखवलं, आणि मान वर न करता बाकीच्यांना म्हणाली, "बसा गे. ही काय पावनी न्हवं. काम नासवाय आलीया." त्या हसल्या आणि बसल्या. घागर परत कोपऱ्यात गेली. हातोड्या सुरू झाल्या. मी जितक्या फोडल्या त्यातला एकही गर अख्खा निघाला नाही. काकी माझे तुकडे वेगळ्या सुपात टाकत होती. "ह्ये आमी घरी खातो," म्हणाली. "इकाय चालत न्हाई."

जुने साहेब दारात छत्रीखाली उभे राहून बघत होते, आणि डोळे पुसत पुसत लिहीत होते. त्यांनी चालू लिहिलं. खाली, मी सांगितलेलं गोठ्याचं धरून, आणखी बरंच काही लिहिलं. त्यात काय होतं ते त्यांनीच बसमध्ये सांगितलं: माल खरा, माणसं खरी, जागा दिवाळीपर्यंतच, म्हणून लवकर व्हावं. माझ्या बोटांना तेल लागायचं ते लागलंच होतं. रात्री ती तडतडायला लागली. मालकांनी खोबरेल लावलं आणि त्या दिवशी काही विचारलं नाही.

हे सगळं एवढ्यावर जमलं असतं तर बरं वाटलं असतं. पण जमलं नाही. पहिली यादी भरली होती, तिचे पैसे वाटले जात होते. काजूचं नाव दुसऱ्या यादीत वर गेलं. अध्यक्षांनी आपला शब्द पाळला, त्यांना मी दोष देत नाही. मी दर बैठकीला विचारायची, "काजूचं?" आणि ते म्हणायचे, "हाय वैनी, हाय. वरनं आलं की." श्रावण गेला, गणपती गेले. दसऱ्याला मी विचारलं. दिवाळीच्या आधी विचारलं. तोपर्यंत मला बोलायची भीती राहिली नव्हती, पण बोलून काही हालत नाही हे कळायला लागलं होतं. भीती होती तेव्हा वाटायचं, एकदा तोंड उघडलं की झालं.

दिवाळीनंतर काकीच्या दिरानं गोठा पाडला. तो वाईट नव्हता, मुलाचं लग्न ठरलेलं होतं. काकीनं आपल्याच परसात माडाच्या झावळ्या आणि प्लॅस्टिकच्या आडोशाला भट्टी मांडली. तिथं पाचसहा जणीच बसू शकायच्या. बाकीच्या थोडे दिवस आळीपाळीनं आल्या, मग कमी झाल्या. ज्या दोघी गोव्याला जाऊ म्हणत होत्या त्या गेल्या, आणि जाताना आणखी काहींना घेऊन गेल्या. हे मला नंतर कळलं.

मंजुरी आली चैत्रात. कागद पोस्टानं जाणार होता, पण मीच घेऊन गेले. वाटलं, निदान एकदा तरी चांगली बातमी घेऊन जावं. काकी परसात एकटीच बी भाजत होती. मी सांगितलं. ती हसली नाही. उलथणं कढईत तसंच फिरवत राहिली, कारण थांबली असती तर बी करपली असती. मग म्हणाली, "सहा जनी चालतात काय? कागदावर पंधरा हायत."

मी येताना जुन्या साहेबांना विचारूनच आले होते. "निदान दहा लागतील."

"मग चला."

दुपारभर आम्ही घरोघर हिंडलो. एका घरी सून म्हणाली, सासूबाई पणजीला. एका घरी कुलूप. एक जण दारात उभी राहून म्हणाली, "काकी, आता घरची बी व्यापाऱ्याला दिली ह्या साली. पुढच्या साली बघूया." हा शब्द मी कोल्हापूरहून इतक्या लांब ऐकेन असं वाटलं नव्हतं. तिघी हो म्हणाल्या. नऊ झाल्या. दहावी म्हणून काकीनं आपल्या सासूचं नाव दिलं. म्हातारीला नीट दिसत नव्हतं, पण गराची साल ती बोटांनीच सोलायची.

शेड झाली, मिरगाच्या पावसाच्या आत. पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा कोबा, धूर जायला वर खिडक्या. माझी मुदत संपायच्या आधी मी एकदा तिथं जाऊन आले, समितीतर्फे नाही, अशीच. भट्टी चालू होती. मला बघून कुणी उठलं नाही. एकीनं फक्त सरकून जागा केली.

काकी म्हणाली, "ह्येच गेल्या साली असतं तर."

मी बसून थोड्या बिया फोडल्या आणि शेवटच्या एसटीनं परत आले. शेड पंधरा जणींच्या हिशोबानं बांधलेली आहे. जमिनीवर तेवढे दगड मांडलेले आहेत, प्रत्येकीसमोर एक. पलीकडच्या टोकाच्या पाच दगडांवर आता बियांची पोती ठेवतात.